फौजीला घरच्यांनी 'सांभाळून घेणं': आधार की आजाराला खतपाणी?

पाणंद (धागाकर्ता)

जवान 17 वर्षांची नोकरी संपवून घरी येतो तेव्हा त्याचं वय असतं 36-37. त्यातली बरीच वर्षं फील्डला, म्हणजे सीमेलगतच्या तैनातीत गेलेली, एखादी-दुसरी टेन्युअर राष्ट्रीय रायफल्स या लष्कराच्या दहशतवादविरोधी दलातली, काश्मीर खोऱ्यातली. पहिले दोन महिने सत्कार आणि सत्यनारायण. मग एकेक दिसू लागतं. रात्री दोनला उठून कड्या तपासणं, एसटीत शेवटच्या सीटशिवाय न बसणं, कुकरच्या शिट्टीनं अंग थरथरणं, पोरांवर खेकसणं, एखाद्या साथीदाराचा विषय निघाला की उठून जाणं. महिन्याहून जास्त टिकलं आणि संसार-कामधंदा अडू लागला, तर हा पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगाच्या आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, असू शकतो. निदान अर्थातच डॉक्टरांनी करायचं.

आता घरचे काय करतात? टीव्हीचा आवाज बारीक. पोरांना दम: "पप्पा झोपलेत, गप बसा." लग्नाला बायको एकटी. बाजारहाट भावाकडे. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात याला 'सांभाळून घेणं' म्हणतात आणि कौतुकानं म्हणतात. माझं म्हणणं, आजार टिकून राहण्यात याचा मोठा वाटा आहे.

कारण सरळ आहे. गर्दी टाळली की त्या क्षणी बरं वाटतं. मेंदू त्यातून शिकतो, 'टाळलं म्हणून वाचलो'. पुढच्या वेळी भीती आणखी अलीकडे सुरू होते. आधी यात्रा बंद, मग बाजार, मग पारावरची बैठक, शेवटी उंबरठा. घरच्यांनी वाट मोकळी करून दिली की हा प्रवास वेगानं होतो.

उलटा प्रवास पायरी-पायरीनं करायचा. त्रासाला 0 ते 100 आकडा द्यायला शिकायचं आणि प्रसंगांची उतरंड स्वतः फौजीनं लिहायची, बायकोनं नाही. उदाहरणार्थ, दुपारी रिकाम्या एसटी स्टँडवर भिंतीला पाठ न लावता बसणं 35. किराणा दुकानात मागे माणसं असताना रांगेत उभं राहणं 45. आठवडी बाजाराची कडेची गल्ली 60. बाजाराचा मध्य 75. मंगल कार्यालयात मधल्या रांगेत जेवायला बसणं 85. सुरुवात 40 च्या आसपास. तिथे 45 मिनिटं किंवा आकडा साधारण निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. तीच पायरी जमेल तितकी रोज, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की समजा जमलं.

बिघडतं कुठे? आकडा शिखरावर असताना निघून आलात तर 'पळालो म्हणून वाचलो' हाच धडा पक्का होतो. बायको पहारेकऱ्यासारखी शेजारी, सतत बाहेर पडायच्या वाटेवर नजर, निघण्याआधी एक पेग – या कुबड्या घेऊन गेलात तर श्रेय कुबडीला जातं. आठवड्यातून एकदाच केलं तर दर वेळी शून्यापासून सुरुवात.

एक मर्यादा ठळक सांगतो. हे फक्त बाहेरच्या प्रसंगांचं झालं. चकमकीची आठवण डोळे मिटून पुन्हा तपशिलात सांगायची, तिचं रेकॉर्डिंग रोज ऐकायचं, हा उपचाराचा दुसरा भाग प्रशिक्षित माणसाकडेच. तिथे 90 मिनिटांची 8 ते 15 सत्रं लागतात. घरी, जेवताना, "सांगून टाका, मन हलकं होईल" असं करायला जाऊ नका.

निळी_शाई

तर्क पटतो, क्रम पटत नाही. तुम्ही उतरंडीपासून सुरुवात केलीत. मी घरात काय-काय आहे तिथून करेन.

पहिली गोष्ट, बंदूक. सिक्युरिटीच्या नोकरीसाठी बरेच माजी सैनिक बारा बोअरचा परवाना काढतात. झोप नाही, दारू आहे, 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास' असली वाक्यं येताहेत, अशा वेळी ती घरात नको. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा करतातच, तशीच आता जमा करून पावती घ्यावी. परवानाधारक विक्रेत्याकडेही ठेवता येते. आणि शेतकऱ्याच्या घरात बंदुकीपेक्षा जवळ असतं ते कीटकनाशक. पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून, किल्ली दुसऱ्या घरी. लागेल तेवढंच आणायचं, उरलेलं साठवायचं नाही. मरणाची तीव्र इच्छा बऱ्याचदा थोडा वेळ टिकते. तेवढ्या वेळात साधन हाताला लागू न देणं हा प्रतिबंधाचा सगळ्यात भरवशाचा भाग.

दुसरी, रात्र. स्वप्नात ओरडत असलेल्या माणसाला हलवून उठवू नये. गळ्याला हात गेलेले प्रसंग यातूनच होतात. पायथ्याशी, हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहावं, दिवा लावावा, नावानं हाक मारावी, ठिकाण आणि वार सांगावा: "घरी आहात, आज मंगळवार आहे." पोरं काही काळ दुसऱ्या खोलीत झोपली तर त्याला 'आजाराला खतपाणी' म्हणू नका.

तिसरी, मारहाण. मारहाण होत असेल तर पायऱ्या, उतरंड सगळं बाजूला. पीटीएसडी हे मारहाणीचं कारण असू शकतं, परवाना नाही. बाईनं 181 (महिला हेल्पलाइन) किंवा 112 (पोलीस-आपत्कालीन मदत) ला फोन करावा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. ही बाई आधीच त्याची आई, पहारेकरी आणि नर्स झालेली आहे. आता तिलाच थेरपिस्टही करताय?

पाणंद

तुमचे तिन्ही मुद्दे मान्य, बंदूक-कीटकनाशकाचा तर धाग्यातच पहिला हवा होता. पण 'थेरपिस्ट करताय' हे मान्य नाही. मी तिला काम वाढवून देत नाही, कमी करून देतोय. गेटचं कुलूप तिसऱ्यांदा तपासायला तिनं उठू नये, एवढंच. तेही आधी सांगून, ठरवून: "पुढच्या सोमवारपासून मी एकदाच बघेन." भांडणाच्या भरात अचानक आधार काढून घेतला तर ती शिक्षा होते आणि त्यातून तो काही शिकत नाही.

तिसरा_पहारा

झोपेबद्दल कोणीच नीट बोललं नाही. तीन तास झोपलेल्या माणसाला बाजारात उभं करून काय मिळणार? आधी औषध.

सर्ट्रालीन (नैराश्यावरची, पीटीएसडीतही देतात ती गोळी) साधारण 25 मिलिग्रॅमनं सुरू करून आठवड्याभरात 50 करतात, गरजेप्रमाणे डॉक्टर 200 पर्यंत नेतात. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, पुरता दिसायला त्याहून जास्त. लोक दुसऱ्याच आठवड्यात सोडतात, कारण मळमळ आधी येते, गुण नंतर. दुसरं न बोललं जाणारं कारण म्हणजे शरीरसंबंधात येणारी अडचण. नवरा गोळी गुपचूप बंद करतो, बायकोला वाटतं मन उडालं. डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं. पण सांगायचं कोणी? ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकच्या रांगेत गावातलेच चार जण मागे उभे असतात.

झोपेसाठी क्लोनाझेपाम अर्धा मिलिग्रॅम हा आपल्याकडचा आवडता उतारा. निदान त्यानं घर तरी झोपतं.

पाणंद

त्याच शेवटच्या ओळीशी माझं भांडण आहे. क्लोनाझेपामच्या जातीची औषधं पीटीएसडीसाठी देऊ नयेत, असं अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे. सवय लागते, दारूबरोबर श्वास मंदावतो, आणि भीती कमी व्हायचं जे शिक्षण बाजारात उभं राहून मिळायचं त्यालाच गोळी बोथट करते. मात्र महिनोन्महिने घेतली असेल तर एका दिवसात बंद करू नये, झटके येऊ शकतात. हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचं नावही कोणीतरी घेईलच. छोट्या अभ्यासांत ते छान दिसलं, पण 2018 मध्ये 304 माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. काहींना उपयोग होतो, पण पहिल्या मात्रेनंतर रात्री लघवीला उठताना रक्तदाब उतरून पडायची भीती असते.

आणि कॅन्टीनची बाटली. दारूनं झोप लागते लवकर, पण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात ढकलली जाते आणि पहाटे तीन-चारला दुःस्वप्नं दुप्पट जोरानं येतात. मग ती विसरायला पुन्हा बाटली. रोज पिणाऱ्यानं तीही घरच्या घरी एकदम तोडू नये. थरथर, घाम, भ्रम सुरू झाले तर थेट दवाखाना.

माळरान

आकडेच द्यायचे तर पुरते द्या. ज्या उपचारांचा पाणंद पुरस्कार करताहेत त्यांचा 2015 चा आढावा अमेरिकी वैद्यकीय संघाच्या नियतकालिकात आला होता. सैनिक-माजी सैनिकांमध्ये 49 ते 70 टक्क्यांना लक्षणीय फरक पडला, पण उपचार संपल्यावरही सुमारे दोन-तृतीयांशांचं निदान तेच राहिलं. हे तिथलं, जिथे प्रशिक्षित माणसं आहेत. माण-खटावात 90 मिनिटांची सत्रं घेणारं कोण आहे? कमांड हॉस्पिटल पुण्यात. म्हणजे एक दिवस, एसटीभाडं आणि घरच्या गुरांची सोय.

शिवाय हे सगळं नवरा-बायको-दोन मुलं असं घर धरून लिहिलंय. खरं घर सात माणसांचं. सांभाळून घेण्यात पहिला नंबर बायकोचा नसतो, आईचा असतो. सुनेनं "तुम्हीच जा बाजाराला" म्हटलं की सासू म्हणते, "सीमेवर रक्त सांडून आलाय तो, तुला भाजी आणता येत नाही?" उतरंडीचा कागद तिथेच फाटतो. आईला आधी समजावलं नाही तर पुढचं सगळं फुकट. आणि ते सुनेनं समजावून होत नाही. डॉक्टर किंवा त्याच पलटणीतला जुना सुभेदार लागतो.

माझ्या मते गावात जमण्यासारखी गोष्ट म्हणजे माजी सैनिकांचा कट्टा. त्यांच्यात बसला की माणूस बोलतो.

निळी_शाई

आईचा मुद्दा लाखमोलाचा. कट्ट्याबद्दल मात्र एक शंका. तो दारूचा कट्टा असेल तर? आणि तिथे बोललं जातं ते पराक्रमाचं. 'मी त्या पोराला वाचवू शकलो नाही' हे चार लोकांत येत नाही. अपराधभाव हा पीटीएसडीचा एक मुख्य गाभा आहे, नुसती भीती नव्हे. त्यासाठी 12 सत्रांची वेगळी पद्धत आहे, ज्यात 'माझ्यामुळेच गेला' असं अडकलेलं वाक्य कागदावर लिहून तपासतात: त्या क्षणी काय माहीत होतं, किती सेकंद होते, हुकूम कोणाचा होता.

चौथी_खोली

चर्चा आजाराभोवतीच फिरतेय, संसार मागे पडला. वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची कॅज्युअल रजा पूर्ण मिळाली असं धरलं, तरी कुटुंब गावीच ठेवलेला जवान 17 वर्षांत जेमतेम चार-सव्वाचार वर्षं घरी राहिलेला असतो. बँक, शाळा, ऊस, सोसायटीचं कर्ज सगळं बायकोनं पेललंय. तो येतो आणि पहिल्याच आठवड्यात सेक्शन कमांडर होतो. यातली निम्मी भांडणं पीटीएसडी नसलेल्या घरातही होतात. सगळं आजारावर ढकलू नका.

सहा महिने चालणारा कारभार आहे तसा चालू द्यावा. त्यानं एकच काम पूर्ण अंगावर घ्यावं, उदाहरणार्थ डेअरीला दूध घालणं, हिशेबासकट. 'मदत' नको, मदत करणाऱ्याला रोज सूचना द्याव्या लागतात आणि फौजीला बायकोच्या सूचना झोंबतात.

भांडण तापलं की थांबायची खूण ठरवावी, पण नियमांसकट. थांबा म्हणणाऱ्यानं परत यायची वेळ सांगायची, अर्धा ते एक तास. मागे जायचं नाही. त्या वेळात पिणं नाही, मोटारसायकल नाही. आणि वेळेवर परत येऊन तो विषय पुरा करायचा. हा शेवटचा नियम सुटला की 'थांबा' हे पळ काढायचं नवं साधन होतं.

जोडप्यानं एकत्र घ्यायच्या उपचाराची 15 सत्रांची पद्धत आहे. 2012 ची तिची चाचणी 40 जोडप्यांवर, बोस्टन आणि टोरोंटोत झाली; आजारही कमी झाला, नात्यातलं समाधानही वाढलं. क्रम लक्षात घ्या: पहिली दोन सत्रं माहिती आणि सुरक्षितता, पुढची पाच बोलणं आणि टाळाटाळ मोडणं, उरलेली आठ आघाताचा अर्थ. म्हणजे निळी_शाई आणि पाणंद दोघांचंही त्यात आहे, फक्त निळी_शाई आधी.

तिसरा_पहारा

सगळं ठीक, पण कागदावर 'मानसिक' शिक्का बसला की? नोकरीत असताना शेपमधला (लष्करी वैद्यकीय श्रेणीतला) एस, म्हणजे मानसिक आरोग्याचा शेरा, घसरला की बढती अडते, म्हणून तेव्हा लपवलं. निवृत्तीनंतर डीएससीत (लष्करी ठाण्यांच्या सुरक्षा दलात) जायचं तर पुन्हा तपासणी, बंदुकीच्या परवान्याला मानसिक तंदुरुस्तीचा दाखला. माणूस का जाईल?

माळरान

म्हणून पहिली पायरी फोन. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, मराठीत बोलता येतं. आणि ईसीएचएसवर पत्नीही लाभार्थी असते. तिची झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर ती स्वतःच्या नावावर रेफरल मागू शकते. नवऱ्याची तयारी होईपर्यंत तिनं का थांबायचं?

पाणंद

हे मी लिहायला हवं होतं. आईचा आणि क्रमाचा मुद्दाही घेतो. मूळ दावा सोडत नाही.

दिवाळी दोन महिन्यांवर आहे, तर एवढं लिहून ठेवतो. फटाक्यांचं रेकॉर्डिंग मोबाइलवर, आवाज सगळ्यात कमी, बटण त्याच्याच हातात, रोज 30-40 मिनिटं. आकडा निम्म्यावर आला की आवाज एक घर वर. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून स्पीकरवर, मग वेळ न सांगता दुसऱ्यानं लावायचं, पण त्याच्या संमतीनं. पहिलं दचकणं जाणार नाही, ती शरीराची प्रतिक्रिया आहे. मोजायचं ते दचकल्यावर किती मिनिटांत ताळ्यावर आला ते.

निळी_शाई

आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री नाहीच जमलं तर मळ्यातल्या खोलीत झोपायला जायची मुभा हवी. ते तुम्ही टाळणं म्हणाल, मी म्हणणार नाही.

पाणंद

म्हणेनच. पण रात्री नऊला जाऊन अकराला परत आला, तर नाही म्हणणार.