मदत हवी आहे: डॉकर डेस्कटॉप की पॉडमन डेस्कटॉप?

नमस्कार मंडळी. मालवणात आम्ही होमस्टेच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. पोस्टग्रेस आणि रेडिस हे डेटाबेस आणि आमचं ॲप कंटेनरमध्ये (म्हणजे प्रत्येक प्रोग्राम लागणाऱ्या फाइलींसह आपापल्या वेगळ्या कप्प्यात), विंडोजवर, ८ जीबी रॅम. हे कंटेनर खिडक्या-बटणांतून सांभाळायला डॉकर डेस्कटॉप घ्यावं की पॉडमन डेस्कटॉप, हा प्रश्न आहे. नव्या मुलांना कमांड लाइनची सवय नाही. लॉग बघणं, कंटेनर बंद-चालू करणं माउसनेच जमायला हवं.

डॉकर डेस्कटॉप २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि १ कोटी डॉलरपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना फुकट आहे, त्यामुळे परवान्याची चिंता नाही. तरी माझा ओढा मुक्तस्रोत पॉडमनकडे. रूटशिवाय (म्हणजे मशीनचे पूर्ण अधिकार न देता) कंटेनर चालवता येणं मला मोलाचं वाटतं. रँचर डेस्कटॉप हा तिसरा पर्याय आहे, पण त्यातलं कुबरनेटीस (खूप कंटेनर एकत्र सांभाळणारी यंत्रणा) आम्हाला नकोच.

आमची कंपोज फाइल (कोणते कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेली) पॉडमनवर आहे तशी चालेल का? आणि मुख्य म्हणजे, इथे पावसात वीज सारखी जाते. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर कंटेनर आपोआप उभे राहणं कशात भरवशाचं? वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.