धनुष्याचे पौंड वाढले, आता बाणाची स्पाइन कशी ठरवावी?

दादरकर पालक

नमस्कार. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि ती उजव्या हाताने रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य चालवते. सुरुवातीला तिच्याकडे २६ पौंड ताणाचे लिम्ब (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा) होते आणि त्यांच्यासाठी आम्ही १००० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाण किती वाकतो ते सांगणारा आकडा), २८ इंच लांबीचे कार्बन बाण घेतले होते. मधला काही काळ तिने उसने घेतलेले ३० पौंडांचे लिम्ब वापरले आणि आता प्रशिक्षकांच्या सल्ल्याने ३४ पौंडांचे स्वतःचे लिम्ब बसवले आहेत. बाण मात्र तेच आहेत. नवे लिम्ब बसवल्यापासून बाण सुटल्यावर त्याचे शेपूट हलताना साध्या डोळ्यांना दिसते आणि १८ मीटरवर तिच्या बाणांचा सगळा गट उजवीकडे सरकला आहे. साईट (नेम धरायची खूण) सरकवून तो मध्यावर आणता येतो, पण गट पूर्वीसारखा घट्ट होत नाही.

दुकानदारांचे म्हणणे असे की सरळ ५०० स्पाइनचे बाण घ्यावेत, म्हणजे पौंड पुढे आणखी वाढले तरी बाण बदलावे लागणार नाहीत. मैदानावरच्या एका अनुभवी ताईंनी ७०० सुचवले. चांगल्या कार्बन बाणांच्या एका डझनाची किंमत आमच्यासारख्या घरासाठी लहान नाही, त्यामुळे अंदाजाने खरेदी करायची नाही. योग्य स्पाइन नेमकी कशी ठरवावी, आणि तोपर्यंत जुने बाण वापरले तर चालतील का, हे कृपया समजावून सांगावे.

मुलुंडचा रिकर्व्हवाला

ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तो सुरक्षेचा आहे. धनुष्याच्या मानाने फारच लवचीक असलेला कार्बन बाण सुटताना गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि त्यात आधीच बारीक तडा असेल तर तो धनुष्याजवळच फुटू शकतो. म्हणून नवे बाण येईपर्यंत ३० पौंडांचे किंवा जुने लिम्ब लावूनच सराव करू द्यावा. शिवाय कोणताही कार्बन बाण दोरीवर चढवण्यापूर्वी दोन्ही टोकांना धरून हलकेच वाकवून आणि फिरवून पाहण्याची सवय मुलीला आत्ताच लावा. कडकड असा आवाज आला किंवा बोटाला खरखर जाणवली, तर तो बाण पुन्हा वापरायचा नाही.

आता स्पाइनकडे वळू. शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या दांड्यावर, छापलेला आकडा मोजण्याची पद्धत ठरलेली आहे: २९ इंचांचा शाफ्ट २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवतात, मध्यभागी १.९४ पौंड, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगतात, आणि शाफ्ट किती खाली झुकतो ते इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. १००० स्पाइनचा शाफ्ट बरोबर एक इंच झुकतो आणि ५०० स्पाइनचा अर्धा इंच. म्हणजे आकडा जितका मोठा, तितका शाफ्ट लवचीक. नवीन पालकांचा गोंधळ बहुधा येथेच होतो, कारण जास्त पौंडांना मोठा आकडा लागत असेल असे सहज वाटते.

परंतु हा आकडा स्थिर शाफ्टचा आहे, सुटणाऱ्या बाणाचा नाही. बोटांवरून दोरी सुटते तेव्हा ती सरळ पुढे न जाता किंचित बाजूला घसरते, त्याच क्षणी मागून जोराचा रेटा बसतो आणि पुढच्या पॉइंटचे, म्हणजे टोकाचे, वजन जागचे हलायला वेळ घेते. या दोहोंमध्ये सापडून बाण वाकतो. उजव्या हाताच्या तिरंदाजाच्या बाणाचा मधला भाग आधी प्लंजरच्या, म्हणजे बाणाला बाजूने टेकणाऱ्या स्प्रिंगच्या, बटनावर दाबला जातो, नंतर उलट दिशेला वाकतो, आणि वाकण्याची ही लय धनुष्याशी जुळलेली असेल तर शेपूट रायझरला (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाला) न शिवता निघून जाते. क्लॅरेन्स हिकमन यांनी वेगवान कॅमेऱ्याने ही हालचाल चित्रित केली, तेव्हा बाण धनुष्याला अक्षरशः वळसा घालून जातो हे लोकांना डोळ्यांनी पाहता आले. लय जुळली नाही तर शेपूट रायझरला किंवा रेस्टला (बाण टेकतो त्या आधाराला) घासते, आणि तुम्हाला दिसते ते हलणे बहुधा त्याचेच लक्षण आहे.

ही लय केवळ स्पाइनच्या आकड्यावर अवलंबून नसते. शाफ्ट लांब ठेवला किंवा पॉइंट जड लावला की बाण अधिक लवचीक असल्यासारखा वागतो. शाफ्ट कापला किंवा पॉइंट हलका केला की कडक. लांबीचा परिणाम किती मोठा असतो ते पाहा: तेच वजन टांगले असता झुकणे हे आधारांमधल्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे २८ ऐवजी २७ इंच अंतर ठेवले तर तोच शाफ्ट सुमारे दहा टक्के कमी झुकतो. एका इंचाच्या कापणीने बाणाचा स्वभाव बदलतो तो यामुळेच.

म्हणून खरेदीआधी एकच माप नक्की घ्या, ते म्हणजे मुलीच्या बोटांवर प्रत्यक्ष येणारे वजन. लिम्बवर लिहिलेले ३४ पौंड हे २८ इंचांच्या प्रमाणित ड्रॉसाठी (दोरी ओढण्याच्या लांबीसाठी) असतात आणि तेही सहसा २५ इंची रायझर धरून. ड्रॉ एक इंचाने कमी असेल तर साधारण दोन पौंड कमी भरतात, आणि रायझर २३ इंची असेल तर तेवढेच वाढतात. मैदानावर कोणाकडे तरी ताणकाटा असतोच. तो दोरीला अडकवून क्लिकर (पूर्ण ओढ झाली की टक् वाजणारी पट्टी) पडेपर्यंत ओढायचा आणि आकडा वाचायचा. समजा तो ३२ भरला आणि बाण २८ इंचांचाच राहणार असेल, तर निर्मात्यांचे तक्ते ७०० च्या आसपास बोट दाखवतील. या वजनावर ५०० स्पाइनचा बाण फारच कडक पडेल, तो डावीकडे जाईल आणि रेस्टला घासत राहील. वाढत्या अंगाचे कपडे मोठे घेतात तसे बाण घेता येत नाहीत. ज्या वर्षांत तिचे तंत्र बसायचे आहे, तीच वर्षे ती चुकीच्या बाणाशी झगडण्यात घालवेल, आणि हे मला अजिबात पटत नाही.

डोंबिवली, इंडियन राउंड

वरील उत्तराशी सहमत आहे. एक भर घालतो, कारण येथे वाचणाऱ्यांपैकी अनेकांची मुले बांबूच्या धनुष्यापासून सुरुवात करतात. लाकडी बाणांची स्पाइन वेगळ्या रीतीने सांगतात: २६ इंच अंतराच्या आधारांवर दोन पौंड वजन टांगून झुकणे मोजायचे आणि २६ ला त्या झुकण्याने भागायचे, म्हणजे पौंडांतला आकडा मिळतो. अर्धा इंच झुकला तर ५२ पौंड. येथे आकडा वाढला की बाण कडक असतो, म्हणजे कार्बनच्या नेमके उलट, हे लक्षात ठेवावे.

दुसरे म्हणजे आपल्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबरात मुंबईच्या हवेत लाकूड आणि बांबू ओल धरतात, वजन वाढते, सरळपणा जातो, आणि एकाच जुडग्यातले बाण एकमेकांशी जुळेनासे होतात. नैसर्गिक पिसे भिजली तर शाफ्टला चिकटून बसतात आणि बाण सावरण्याचे त्यांचे काम थांबते. कार्बनला ही अडचण नाही, पण लाकडी बाणांची जुळणी पावसाळ्यात करून तिच्यावर हिवाळ्यात विसंबू नये; ऑक्टोबरनंतर ती पुन्हा तपासावी.

दादरकर पालक

दोघांचेही आभार. ताणकाट्यावर वजन मोजले, ते साडेएकतीस पौंड भरले. आता ७०० चे बाण आणले तर ते खरोखर जुळले की नाही हे कसे ओळखायचे? प्रशिक्षक बेअर शाफ्टबद्दल बोलत होते. आणि प्लंजर फिरवून सगळे जुळवता येते असेही कोणी म्हणाले, ते खरे आहे का?

मुलुंडचा रिकर्व्हवाला

बेअर शाफ्ट म्हणजे पिसे न लावलेला, बाकी सर्व बाबतींत इतर बाणांसारखाच बाण. पिसे बाणाला वाटेत सावरतात आणि त्यामुळे जुळणीतला दोष झाकला जातो. बेअर शाफ्टवर तो उघडा पडतो. १८ मीटरवर आधी पिसांच्या बाणांचा गट लावायचा, मग त्याच नेमाने दोन बेअर शाफ्ट मारायचे. उजव्या हाताच्या तिरंदाजाचे बेअर शाफ्ट गटाच्या उजवीकडे गेले तर बाण लवचीक, डावीकडे गेले तर कडक. मात्र त्याआधी वर-खालचा फरक मिटवावा: बेअर शाफ्ट खाली लागत असेल तर दोरीवरचा नॉकिंग पॉइंट (बाण अडकवायची जागा) थोडा खाली घ्यावा, वर लागत असेल तर वर न्यावा. समुद्राकडून दुपारनंतर जो वारा सुटतो तो बेअर शाफ्टला सहज ढकलतो, तेव्हा ही तपासणी सकाळी किंवा बंदिस्त जागेतच करावी.

प्लंजरबद्दल: ते शेवटच्या बारीक जुळणीसाठी आहे. स्प्रिंग मध्यम ताणावर ठेवून, आणि बाणाचे टोक दोरीच्या रेषेच्या किंचित डावीकडे दिसेल असे बटन बसवून सुरुवात करायची. फरक तळहाताएवढा किंवा त्याहून कमी उरला की मग स्प्रिंगला हात लावायचा. उजवीकडच्या बाणासाठी ती कडक करायची, डावीकडच्यासाठी सैल. फरक त्याहून मोठा असेल तर तो लांबीने किंवा पॉइंटने सोडवायचा. स्प्रिंग पूर्ण आवळून चुकीचा बाण मध्यावर आणता येतो, पण त्याचे घासणे तसेच राहते आणि गट पसरलेलाच राहतो.

ठाण्याचा प्रशिक्षक

सर्व माहिती बरोबर आहे, पण लहान मुलांच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. बेअर शाफ्ट तिरंदाजाचा रिलीजही (दोरी सोडण्याची पद्धतही) दाखवतो, केवळ बाण नव्हे. ज्या मुलीने नुकतेच पौंड वाढवले आहेत, तिची बोटे दमल्यावर दोरी ओढून सोडू लागतात, आणि तोच बाण सकाळी जुळलेला व तासाभराने न जुळलेला दिसतो. पालक मग दर रविवारी प्लंजर फिरवत राहतात आणि मुलीला आपल्या हाताऐवजी साहित्यावर संशय येऊ लागतो. म्हणून नव्या वजनावर तिचा गट स्थिर होईपर्यंत थांबा, तपासणी सरावाच्या सुरुवातीला ती ताजी असताना करा, आणि एका फेरीवरून निष्कर्ष काढू नका. वेगवेगळ्या दिवशी बेअर शाफ्ट एकाच बाजूला जात असेल तरच त्यावर विश्वास ठेवा.

ओजस देवतळे आणि अदिती स्वामी यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपदे मिळवल्यापासून महाराष्ट्रात अनेक घरांत कंपाउंड (टोकांना चाके असलेली) धनुष्येही आली आहेत. त्या पालकांसाठी एक वाक्य: तेथे दोरी बोटांनी नव्हे तर रिलीज एडने (हातात धरायच्या उपकरणाने) सुटते, त्यामुळे वरचा डावा-उजवा नियम कंपाउंडला जसाच्या तसा लावू नये आणि तक्ताही कंपाउंडचाच पाहावा.

मुलुंडचा रिकर्व्हवाला

सरांचा मुद्दा मान्य आहे, आणि म्हणूनच ताई, पूर्ण डझन एकदम घेऊ नका. ७०० चे तीन-चार शाफ्टच आधी घ्या, ते क्लिकरला हवे त्यापेक्षा इंचभर लांब ठेवा, आणि ८०, १०० व १२० ग्रेनचे (ग्रेन हे वजनाचे लहान एकक) पॉइंट कोणाकडून तरी उसने मागून लावून पाहा. तपासणीपुरता क्लिकर काढून ठेवावा लागेल किंवा पुढे सरकवावा लागेल. बाण लवचीक निघाला तर थोडा-थोडा कापत जाता येते. आखूड कापलेला शाफ्ट मात्र लांब करता येत नाही. कापणी शाफ्ट कापण्याच्या वेगवान चकतीवरच करून घ्या, घरच्या हॅक्सॉने कार्बनचे धागे उसवतात. कापताना उडणारी पूड फुप्फुसांना वाईट असते, त्यामुळे मास्क लावा आणि मुलीला जवळ उभे करू नका. पॉइंट गरम करून बसवायच्या गोंदानेच लावा, म्हणजे ते काढून बदलता येतील, पण उष्णता पॉइंटला द्या, शाफ्टला नको. लांबी आणि पॉइंट पक्के झाले की उरलेले शाफ्ट त्याच मापाने कापून आणा.