घानातला कोको: उतारा कमी, दोष कुणाचा?

रानवाट
घानात कोकोचा उतारा हेक्टरी ४००-५०० किलोच्या आसपास अडकलाय. नीट निगा राखली तर त्याच झाडांतून दुप्पट निघतो. यावर तज्ज्ञांचं पालुपद ठरलेलं: शेतकऱ्याला प्रशिक्षण द्या. अहो, त्याला सगळं कळतं, परवडत नाही! भाव कोकोबॉड, म्हणजे तिथलं सरकारी कोको मंडळ ठरवतं, आणि त्या भावात खत, फवारणी, छाटणीची मजुरी बसत नाही. विषय संपला.

हिरवाचाफा
संपला कसा? २०२३-२४ मध्ये जागतिक भाव चढत होते आणि घानाचं पीक मात्र कोसळलं होतं. खरा शत्रू रोग आहे. पिठ्या ढेकूण विषाणू पसरवतो, फांद्या आणि मुळं सुजतात, काही वर्षांत झाड मरतं. औषध नाही. रोगट झाड तोडायचं, शेजारची निरोगी दिसणारीही तोडायची. भाव दुप्पट करा, विषाणूला काय फरक पडतो?

रानवाट
उलटं गाडं जुंपताय. पीक बुडालं म्हणून भाव चढला. आणि चढलेला भाव शेतकऱ्याच्या हाती पडला कुठे? बराचसा माल आधीच्याच सौद्यांत विकलेला होता. शेजारच्या देशात जादा पैसे मिळत असले की पोती रातोरात सीमेपार जातात, तीही घानाच्या आकड्यात दिसत नाहीत.

बांधावरून
दोघंही जमिनीबद्दल गप्प का? तिथे पुष्कळ लोक अबुनूने कसतात, साधारण आपल्या अर्धेलीसारखं. कसणाऱ्याने रान साफ करून झाडं लावायची, बाग धरली की निम्मा वाटा. पण बऱ्याच गावांत हा हक्क झाडं उभी असेपर्यंतच टिकतो. आता चाळीस वर्षांची म्हातारी झाडं तोडून नवी लावा, असं सांगायला कृषी अधिकारी येतो. तोडली आणि जमीनमालक म्हणाला, ‘करार संपला’, तर? नवी झाडं धरायला तीनेक वर्षं, तोवर खायचं काय? म्हणून तो रोगट झाडसुद्धा तोडू देत नाही. चाफाताई, तुमचा विषाणू इथेच पोसला जातो.

हिरवाचाफा
हा मुद्दा मान्य. पण स्वतःच्या मालकीच्या बागाही रोगाने गेल्यात, त्याचं काय?

सडाफटिंग
मालकीवाले तरी कुठे थांबतायत! सोनं उकरणारे जमिनीचे रोख पैसे मोजतात आणि बागेचा खड्डा होतो. तिथे पुन्हा कोको लावून दाखवा, मग उताऱ्यावर बोलू.