मदत हवी आहे: मटीझ रेखाटणाऱ्या जुजारोंवर लेख लिहितेय

नमस्कार मंडळी,

कॉलनीच्या दिवाळी अंकासाठी बाबांच्या मटीझवर, देवू कंपनीच्या त्या छोट्या गाडीवर, लिहायला बसले आणि गाडी राहिली बाजूला, ती रेखाटणाऱ्या माणसातच गुंतले.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणारे साचे, 'डाय', बनवायच्या विभागात. १९९९ मध्ये मटीझ दारात आली तेव्हा हार घालायच्या आधी त्यांनी तिच्या दारावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चित्र काढणाऱ्याने डाय करणाऱ्याचा विचार केलाय गं." तेव्हा मला काही कळलं नव्हतं. बाबा गेले, आता कळतंय.

जोर्जेत्तो जुजारोंचा जन्म १९३८चा, इटलीतल्या गारेस्सियो गावचा. आजोबा नि वडील दोघेही चित्रकार. तूरिनच्या कलाशाळेत असताना काढलेली गाड्यांची व्यंगचित्रं फियाटचे इंजिनिअर दान्ते जाकोझांनी पाहिली आणि सतराव्या वर्षी नोकरी लागली. मग बेर्तोने, मग गिया, या दोन्ही गाड्या रेखाटणाऱ्या कंपन्या. १९६८ मध्ये त्यांनी अल्दो मान्तोवानी या इंजिनिअरबरोबर इटालडिझाइन ही स्वतःची कंपनी काढली. माझ्या मते खरे जुजारो इथून सुरू होतात, कारण ही मंडळी नुसतं चित्र हातात ठेवत नसत, ते कारखान्यात कसं उतरवायचं तेही आखून देत. १९७४ची फोक्सवॅगन गोल्फ त्यांचीच. १९८०ची फियाट पांडा तर बाबांनी तासभर न्याहाळली असती: सगळ्या काचा सपाट, अगदी पुढचीसुद्धा! वळवलेली काच नको, पत्र्याला फार खोल दाब नको, म्हणजे खर्च कमी. आणि तरी ती केविलवाणी दिसत नाही.

मटीझचं मूळ त्यांनी फियाटसाठी केलेल्या 'लुच्चोला' या नमुन्यात आहे. लुच्चोला म्हणजे काजवा. फियाटने तो घेतला नाही, देवूने घेतला. ते गोल डोळे पाहिले की नाव पटतं.

आता अडचणी. इटालियन उच्चाराप्रमाणे 'जुजारो' बरोबर, पण मी 'गियुगियारो' असंही वाचलंय. अंकात काय छापू? वाचकाला ओळख पटायला हवी आणि नावही बिघडायला नको.

दुसरं, गोल्फसारख्या धारदार कडांच्या शैलीला इंग्रजीत घडी घातलेल्या कागदाची उपमा देतात. प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून आकार देतात त्या विभागात) काम केलेल्यांनी सांगा, पत्र्यावरच्या अशा कडेला तुम्ही काय म्हणायचात? मला पुस्तकी शब्द नकोय, तिथे बोलला जाणारा हवाय.

आणि कुणाकडे फियाट उनो अजून आहे का? तीही जुजारोंचीच, १९८३ची. गाडी चालती नसली तरी चालेल. बाजूने, डोळ्यांच्या पातळीवरून काढलेला एक फोटो हवाय, मटीझच्या फोटोशेजारी छापायला. निकॉन एफ३ कॅमेरा असेल तर त्याचाही पाठवा, पकडीजवळची लाल रेघ दिसेल असा. तोसुद्धा त्यांनीच घडवलाय.

मजकूर दसऱ्यापर्यंत द्यायचाय. फोटो इथेच टाकलेत तरी चालतील, छापण्याआधी तुमची परवानगी घेईन.