मदत हवी आहे : डोंबिवलीतल्या घरावरची कादंबरी अडली आहे

नमस्कार मंडळी. राहायला रत्नागिरीजवळ. दोन वर्षं एक कादंबरी लिहितोय. डोंबिवलीच्या चाळीत वाढणारी अकरा वर्षांची मुलगी, बाप गिरणीत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि तो घरी बसला. मग दारू, भांडणं, आईचं शिवणकाम. मुलगी जिन्यावर बापाच्या चपला ऐकते. पाऊल नीट पडलं तर पानं वाढायची, फरफटलं तर धाकट्याला घेऊन शेजारच्या काकूंकडे. एवढं जमलंय.

अडलंय पुढे. आई मुलांना घेऊन कोकणात माहेरी निघते. कोकण रेल्वे सुरू झाली 1998 ला, म्हणजे एसटीच. कशेडी घाटातल्या उलट्या मी स्वतः भोगल्यात, त्या नकोत. पण मे संपून पाऊस लागला तरी ही परत जात नाही म्हटल्यावर वाडीतल्या बायका काय विचारायच्या? थेट, की ‘जावई कधी येतायत न्यायला’ असं आडून? आणि तिकडून आलेल्या पोरांना शाळेत बोलण्यावरून चिडवायचे का?

ते दिवस काढलेल्यांनी कृपया लिहा. कथानक सुचवू नका, ते माझ्याकडे ढीगभर आहे.