दवाखान्यात व्हीलचेअर नेमकी कुठे अडते? अनुभव टाका

सावली_दादर
गल्लीतल्या नव्या क्लिनिकला रॅम्प झालेला पाहिला आणि जुन्या पाहण्या आठवल्या. रॅम्प दिसला की तपासणारे 'सोय आहे' लिहून मोकळे होतात. टेप लावा! उतार १:१२ हवा, म्हणजे तीन पायऱ्यांच्या ४५ सेंमी उंचीला ५.४ मीटर लांबी. जागा नाही म्हणून दोन मीटरात उरकतात, तिथे खुर्ची मागे कलंडते. लादी खरखरीत हवी, गुळगुळीत ग्रॅनाइट पावसाळ्यात घात करतं. तुम्ही काय मोजता?

बंड्या_परळ
संडास. दार ९० सेंमी मोकळं आणि बाहेर उघडणारं. आत उघडत असेल तर खुर्ची गेल्यावर लागतच नाही, आणि आत कुणी पडलं तर बाहेरून ढकलता येत नाही. वळायला दीड मीटर लागतं, पण तिथे बादल्या नि फिनेलचे कॅन.

मीना७
बादल्या अगदी अगदी. आणि किल्ली वॉर्डबॉयकडे, तो जेवायला गेलेला.

फिजिओ_सायन
तपासणीचं टेबल कुणी मोजत नाही. खुर्चीची बैठक ४५-५० सेंमी, टेबल ७५-८०. मग दोघं काखेत हात घालून उचलतात. लकव्याचा खांदा असा ओढला की निखळू शकतो. उंची कमी-जास्त होणारं टेबल हवं. आधी ब्रेक, मग पायटेकू बाजूला, टेबलाकडची हाताची दांडी काढायची, मग सरकफळी (खुर्ची आणि टेबलामध्ये टाकायची, सरकत जायची फळी). टेबल नसलं की खुर्चीतच तपासतात, त्यामुळे माकडहाडावरचा बेडसोर (एकाच जागी दाब पडून झालेली जखम) दिसतच नाही. वजनही अंदाजाने लिहितात आणि डोस त्यावर ठरतो. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

कुर्ला_लोकल
लॅब पहिल्या मजल्यावर, लिफ्ट जुनी जाळीची. मजल्याशी बरोबर थांबत नाही, दोन बोटांच्या फरकाला पुढची छोटी चाकं अडतात. खुर्ची उलटी घ्या, मोठी चाकं आधी.

अबोली_वांद्रे
सगळे चाकांवरच बोलताय. नंबर पुकारतात तो कर्णबधिर माणसाला कळणार कसा? आकड्याचा फलक हवा. मास्कमुळे ओठ वाचता येत नाहीत. दुभाषी म्हणून सासूला उभं करू नका, बाई पाळीच्या तक्रारी तिच्यासमोर सांगेल का? आणि कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यायला कानामागे बसवलेलं यंत्र) असेल तर एमआरआय ठरवतानाच सांगा, आत चुंबक असतं.

मीना७
सासूचं पटलं गं ताई 🙏 बरं, यूडीआयडीचं (दिव्यांग ओळखपत्राचं) पिवळं कार्ड किती टक्के अपंगत्वाला?

सावली_दादर
४० टक्क्यांपासून ८० च्या आतपर्यंत. ८० पासून निळं, ४० च्या खाली पांढरं. बंड्यादादा, खासगी दवाखाना 'आम्हाला लागू नाही' म्हणाला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ दाखवा. अडथळामुक्त प्रवेशात खासगी रुग्णालयंही आहेत, उपचारात प्राधान्यही त्यातच.

बंड्या_परळ
प्रिंट काढून ठेवतो. फिजिओ, सरकफळी लाकडी चालेल का?

फिजिओ_सायन
चालेल. कडा गोल, पॉलिश गुळगुळीत, लाकडाचं कुसळ निघता कामा नये. उघड्या कातडीवर नको, मध्ये चादर घाला.