स्वर्गारोहण म्हणजे पुण्यतिथी का?

मिरजेचा फळा
आमच्या चर्चबाहेरच्या फळ्यावर खडूनं सूचना लिहायचं काम माझ्याकडे आहे. परवा लिहिलं, 'गुरुवारी सायंकाळी ६ वाजता. प्रभू येशूचा स्वर्गारोहण दिन. सर्वांनी यावे.' शेजारच्या टपरीवरचे काका चहा गाळता गाळता वाचत होते. आवाज उतरवून म्हणाले, "कितवी पुण्यतिथी ओ ही?" चेष्टा नव्हती, मनापासूनच विचारलं त्यांनी. मरण शुभ शुक्रवारी, पुनरुत्थान इस्टरला आणि हा त्यानंतरचा चाळिसावा दिवस, म्हणून नेहमी गुरुवार, असं सगळं सांगितलं. काकांनी मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही. शब्दच चुकतोय का आपला? दुसरा आहे का?

वाईकरीण
काकांची काही चूक नाही. स्वर्गवासी, कैलासवासी, वैकुंठवासी हे सगळे शब्द आपण फोटोला हार घातल्यावरच वापरतो. त्यात महाभारताचं अठरावं पर्व स्वर्गारोहण. त्याच्या आधीच्या महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत एकेक करून कोसळतात. त्यामुळे हा शब्द कानावर पडला की शेवट झाला असंच वाटतं. 'आरोहण' मात्र बिचारं निर्दोष आहे. ध्वजारोहण, गिर्यारोहण, गाण्यातला आरोह. मिरजेच्या माणसाला आरोह मी काय सांगणार म्हणा!

परळी खोरे
तुकोबांचं आपण सदेह वैकुंठगमन म्हणतो. गडावर दासनवमीला समर्थांची पुण्यतिथी असते, पण बीजेला ओठावर 'वैकुंठगमन'च येतं. मग 'सदेह स्वर्गगमन' लिहा की. काकांना लगेच कळेल.

कृष्णाकाठची
दादा, 'सदेह' मला फार आवडलं. खिळ्यांचे व्रण असलेल्या त्याच देहानं तो गेला, हे आमच्यासाठी महत्त्वाचंच आहे. अडचण 'गमन'ची आहे. गमन म्हटलं की निघून जाणं आलं, मागं उरलेल्यांनी डोळे पुसणं आलं. लूकच्या शुभवर्तमानाचा शेवट बघा. शिष्य बेथानीजवळून यरुशलेमेला परततात ते मोठ्या आनंदानं. माणूस कायमचा गेल्यावर असं कोण परततं?

विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत आम्ही सगळे मिळून म्हणतो ती विश्वासाची कबुली, म्हणताना क्रियापदांकडे लक्ष द्या. जन्मला, मेला, पुरला गेला, उठला, चढला, सगळा भूतकाळ. पुढे 'येणार आहे' हा भविष्यकाळ. मध्ये एकच वर्तमान, पित्याच्या उजवीकडे 'बसला आहे'. लहानपणी मला वाटायचं, दमून बसलाय. (उजवीकडे म्हणजे 'उजवा हात', म्हणजे मदतनीस, असाही एक घोळ होता डोक्यात. आमच्या साखर कारखान्यात चेअरमनचे असे बरेच उजवे हात होते.) मोठेपणी कळलं, बायबलमधल्या ११० व्या स्तोत्रातली ती मानाची जागा आहे, राजाच्या शेजारची. म्हणून मी 'आरोहण' शब्द स्वर्गवासाच्या रांगेतून काढून राज्यारोहणाच्या रांगेत बसवते. साताऱ्यात शाहू महाराजांचा १७०८ मध्ये राज्याभिषेक झाला, तेव्हा कोणी महाराज 'गेले' म्हणालं नाही. कारभार सुरू झाला म्हणाले. आणि त्याच साताऱ्यात १९१७ मध्ये ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपल्या मंडळाला नाव काय दिलं? 'देवाचा दरबार'.

आता आज याचा उपयोग काय, तर सांगते. कचेरीत काम असलं की आपण पहिल्यांदा विचारतो, "आत आपलं कोण आहे?" गेल्या वर्षी आई अतिदक्षता विभागात होती, बाहेरच्या बाकावर मी रात्रभर. प्रार्थनेला शब्द सुचेनात. तेव्हा बायबलमधल्या 'इब्री लोकांस पत्रा'तलं ते आठवलं, आपल्या दुर्बलतेचं ज्याला दुःख कळतं असा मुख्य याजक (देवापुढे लोकांच्या वतीनं उभा राहणारा) आत आहे, तो आपल्यासाठी मध्यस्थी करतो. भूक लागलेला, मित्र लाजराच्या कबरीपाशी रडलेला माणूस तिथं बसलाय. आत आपलं माणूस आहे. माझ्यापुरता स्वर्गारोहणाचा अर्थ एवढाच आहे, आणि तो मला पुरला.

परळी खोरे
म्हणजे वशिला म्हणा की ताई!

कृष्णाकाठची
वशिल्यानं दुसऱ्याचा नंबर मागं जातो. इथं जात नाही. पण हसले, खोटं कशाला सांगू.

वाईकरीण
व्याकरणाचं एक राहिलं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात 'वर घेतला गेला' असा कर्मणी प्रयोग आहे. मराठीत तो अवघडतो, पण मूळ ग्रीकमध्येही कर्मणीच आहे. आरोहणात चढणारा कर्ता असतो, इथं उचलणारा दुसरा कोणी आहे. 'आरोहण' लिहिलं की हा पदर सुटतो.

मिरजेचा फळा
बरोबर, आणि त्याच ठिकाणी शुभ्र वस्त्रांतले दोघे शिष्यांना विचारतात, आकाशाकडे बघत का उभे राहिलात? मे महिन्यात आमच्याकडे हे वाक्य वाचलं की मागच्या बाकांवर हसू फुटतं. अंगणात हळद वाळत घातलेली आणि वळवाचा ढग वर आलेला, मग सगळं गाव माना वर करूनच उभं असतं. पण नुसतं बघून हळद आत येत नाही, ताडपत्री घेऊन पळावं लागतं. शिष्यही शहरात परतले, प्रार्थनेला बसले. दहा दिवसांनी पवित्र आत्मा उतरला आणि साक्ष द्यायला बाहेर पडले.

फळा आज पुसला. 'स्वर्गारोहण' ठेवलंय, कारण म्हातारी माणसं दुसरा शब्द ओळखणार नाहीत. खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'प्रभू राजासनावर बसला तो दिवस'. काकांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "मग आनंदाचंच आहे की! पेढे कुठायत?"

मंडळीच्या खर्चात पेढे बसत नाहीत. गुरुवारी पाव किलो मीच आणणार आहे.